चाकावरची फट

ऑगस्ट महिन्यातला तिसरा शनिवार आला, की डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या कडेला माणसं सकाळपासून घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. १९९५ सालापासून तिथं जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. मिरवणूक आपल्या गणपतीसारखीच. पुढं सरकणं कमी आणि थांबणं जास्त. नोकरीच्या निमित्तानं माझं निम्मं आयुष्य त्या भागात गेलं, त्यामुळे मीही खुर्ची टाकणाऱ्यांपैकी एक. शेजारी आमच्या कारखान्यातला एक जुना सहकारी बसायचा. आमचा दोघांचा एक खेळ ठरलेला होता. गाडी लांबून दिसली, की काचेआडचा माणूस दिसायच्या आत त्याचं वय ओळखायचं. बघायचं काय, तर मागच्या चाकावरची फट. म्हणजे टायरचा माथा आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामधली मोकळी जागा.

गाडीचं नाक वर असेल, तर मालक १९६० च्या दशकात शर्यती बघत वाढलेला. बूड वर आणि नाक खाली असेल, तर त्याची विशी १९७० नंतरची. गाडी जमिनीला घासेल इतकी खाली आणि रिम ताटाएवढी मोठी असेल, तर ती आजोबांकडून नातवाकडं आलेली. बहुतेक वेळा आम्ही बरोबर निघायचो. गाड्या मात्र सगळ्या त्याच, १९६४ ते १९७१ या सातआठ वर्षांतल्या.

या उभं राहण्याला तिकडे एक शब्द आहे. मला मराठीत 'पवित्रा' हाच त्याच्या सर्वात जवळचा वाटतो. मी कोल्हापूरचा. आखाड्यात पहिलवान हात मिळवून मागं सरकला आणि उभा राहिला, की जाणकार त्याच्या पायांकडं बघतात. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, यावरून तो काय करणार हे त्यांना कळतं. मोटारीचंही तसंच आहे. तिचे पाय म्हणजे टायर आणि गुडघे म्हणजे स्प्रिंगा.

स्प्रिंगांशी माझी ओळख तशी जुनी. माझ्या काकांचं उद्यमनगरात ट्रकचे पाटे बांधायचं दुकान होतं. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की रिकाम्या ट्रकचं बूड वर का असतं. काका म्हणाले, "बाळ, पाटा भरल्या मालासाठी केलेला असतोय. रिकामा असला की तो पाठ ताठ करतोय. आणि रिकामा ट्रक वळणावर नाचतोय, ध्यानात ठेव." मी ते ध्यानात ठेवलं नाही. त्याची किंमत काय पडली, ते पुढं येईलच.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत बसवलेलं अवाढव्य इंजिन. तिची सुरुवात १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. पाँटियाक ही जनरल मोटर्सची शाखा, आणि जॉन डीलोरिअन तिथं मुख्य इंजिनिअर होते. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचं इंजिन 'ज्याला हवं त्यानं जादा पैसे देऊन घ्यावं' अशा सदरात टाकून नियमाला वळसा घातला. ३८९ घन इंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या ॲम्बॅसॅडरचं इंजिन त्या काळात दीड लिटरचं होतं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

ही राक्षसी ताकद रस्त्यावर उतरवायला गाडीखाली काय होतं? ७.५०-१४ मापाचे टायर. कडेला तांबडी रेघ असलेले, दिसायला देखणे, पण जमिनीला वीतभरही न टेकणारे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. त्या इंजिनाबरोबर थोड्या कडक स्प्रिंगा मिळत, पण गाडी उभी राहायची ती एखाद्या कारकुनाच्या गाडीसारखीच, सरळ आणि सभ्य. कारखान्यानं उंची ठरवताना कुटुंब, सामान आणि खड्डे यांचा विचार केलेला होता. म्हणजे जन्मतः मसल कारला पवित्रा नव्हताच. तो तिला लोकांनी दिला.

तो कसा दिला, हे कळायला टायरबद्दल थोडं सांगायला हवं. त्या काळच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे असत. भिंत आणि तळवा एकाच विणीचे. गाडी वळताना भिंत वाकली, की तळवाही मुरडायचा आणि जमिनीवरून उचलला जायचा. रस्त्यात चाकोरी पडलेली असेल, तर असा टायर तिच्यामागून भटकतो. सुकाणू हातात असूनही गाडी आपली नाही असं वाटतं. सरळ रेषेत जोरानं सुटताना हे टायर जागच्या जागी फिरून धूर काढायचे.

पाव मैलाच्या सरळ शर्यती अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावल्या. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५१ सालची. तिथल्या पोरांनी टायरच्या या दुबळेपणावर उपाय काढला तो नाक उचलण्याचा. बैलगाडीत ओझं मागं सरकलं, की जू वर जातं. मोटार जोरात सुटतानाही वजन असंच मागच्या चाकांवर जातं, आणि गाडीचा भार जितका उंचावर तितकं ते जास्त जातं. म्हणून पुढची मूळ रचना काढून सरळ नळीचा ॲक्सल बसवायचा आणि गाडी पुढून उंच करायची. हा पवित्रा ऐटीसाठी नव्हता, गरजेपोटी होता. शर्यतीचे टायर सुधारले तशी ती गरज संपली, पण शर्यतीच्या पट्टीवरचं ते चित्र बघणाऱ्यांच्या डोक्यात कायमचं बसलं.

क्रायस्लरवाल्यांनी मात्र एक डोकेबाज काम केलं होतं. इंजिनाच्या पिळामुळे सुटताना मागचा ॲक्सल एका अंगावर कलतो आणि उजवं चाक हलकं होऊन नुसतंच फिरतं. त्यांनी शर्यतीसाठी जे पाटे विकले, त्यात उजव्या बाजूचा पाटा डाव्यापेक्षा कडक आणि जास्त कमानीचा. गाडी उभी असताना किंचित वाकडी दिसायची, सुटताना सरळ व्हायची. काकांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हुशार हाय त्यो." शेवर्लेच्या १९६७ सालच्या कॅमॅरोला मागं दोन्हीकडे एकेकच पाटा होता आणि त्यामुळे जोरात सुटताना ॲक्सल उड्या मारायचा, हे मी त्यांना सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी ताकदवान कॅमॅरोंना अनेक पट्ट्यांचे पाटे आले.

पण पवित्र्याच्या इतिहासातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रसंग १९६९ सालचा, फोर्डच्या मस्टँग बॉस ३०२ चा. मस्टँग ही मुळात फाल्कन या साध्या गाडीच्या सांगाड्यावर उभी केलेली. ट्रान्स-ॲम नावाच्या वळणावळणाच्या शर्यतींत कॅमॅरो जिंकत होती, आणि फोर्डला तिला हरवायचं होतं. तोवर टायरमध्येही फरक पडला होता. १९६७ मध्ये गुडइयरनं पॉलिग्लास आणला. आतली वीण तिरपीच, पण तळव्याखाली काचतंतूंचा पट्टा. तळवा मुरडणं कमी झालं, टायर रुंद आणि बुटके झाले. मापं लिहायची पद्धतही बदलली. एफ६०-१५ म्हणजे भार पेलण्याचं अक्षर एफ, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची.

बॉस ३०२ साठी फोर्डनं हाच एफ६०-१५ निवडला आणि मग गाडी त्याच्याभोवती बसवायला घेतली. टायर इतका पकडायचा, की चाचण्यांमध्ये पुढच्या स्प्रिंगा ज्या पत्र्याच्या मनोऱ्यांत बसतात, त्या मनोऱ्यांनाच तडे गेले. टायर घसरत होता तोवर गाडीचा सांगाडा सुखी होता. टायर घसरेनासा झाल्यावर सगळा ताण सांगाड्यानं सोसायचा. मग मनोरे मजबूत केले, चाकांचे जाड खुंट घातले, टायर घासू नये म्हणून पुढच्या मडगार्डच्या कडा बदलल्या, मागचे शॉक ॲब्सॉर्बर एक ॲक्सलच्या पुढं आणि एक मागं असे लावले. एका टायरच्या निवडीनं एवढं घडवलं. १९७० चं ट्रान्स-ॲम विजेतेपद फोर्डनं मिळवलं. आणि गाडी खाली, रुंद पायांवर, किंचित पुढं झुकलेली उभी होती. कारखान्यानं स्वतःहून दिलेला हा अगदी मोजक्या पवित्र्यांपैकी एक.

यानंतर उतार लागला. विमा महाग झाला. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळे इंजिनं थंडावली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या कवडीमोलानं विकल्या जाऊ लागल्या आणि त्या घेतल्या गिरण्या-कारखान्यांतल्या विशीतल्या पोरांनी. नवी ताकद विकत मिळेना, तेव्हा ऐट तरी हवी. मागं जाडजूड टायर घालायचे. ते कमानीत मावत नाहीत, म्हणून गाडीचं बूड उचलायचं. उचलायचे दोन स्वस्त मार्ग. एक म्हणजे पाट्याच्या मागच्या टोकाची शॅकलची पट्टी लांब करायची. दोन इंच लांब केली की गाडी साधारण इंचभर उठते. दुसरा म्हणजे हवेचे शॉक ॲब्सॉर्बर; पंपावर जाऊन सायकलसारखी हवा भरायची. शॉक ॲब्सॉर्बरचे खिळे गाडीचं वजन पेलायला केलेलेच नसतात, हा विचार विशीत कोण करतो!

मीही केला नाही. १९७८ मध्ये शिकायला मिशिगनला गेलो आणि पुढच्या वर्षी एक दहा वर्षांची मसल कार घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. बूड चार इंच उचललेलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. टायर चारही झिजलेले. पैसे दोनच टायरपुरते होते. मी दोन नवे रेडियल घेतले आणि पुढं लावले, कारण सुकाणू पुढं असतं. मागं जुने तिरप्या विणीचेच राहू दिले.

ऑक्टोबर महिना होता, पाऊस पडून गेला होता, रस्त्यावर पानं पडली होती. हमरस्त्यावरून उतरणाऱ्या गोल वळणावर मी जरा पाय उचलला आणि गाडीचं बूड बाहेर गेलं. आम्ही उलटे फिरून चरात गेलो. मला काही झालं नाही. शेजारी बसलेल्या मित्राच्या गळ्याचं हाड मोडलं. तो आता पुण्यात असतो, आणि थंडीत खांदा दुखला की मला फोन करतो. फोनवर दुसरं काही बोलत नाही, "दुखतोय" एवढंच म्हणतो.

पुढं स्प्रिंगच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढली, तेव्हा त्या वळणावर काय झालं ते मी कागदावर मांडलं. त्या काळच्या छोट्या मसल कारमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण १०८ इंच. मागून चार इंच उचललं की अख्खी गाडी दोन अंशांनी पुढं कलते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे ती सरळ धावायला मदत होते. मोटारीतही तसाच कल ठेवलेला असतो. तो त्या जुन्या गाड्यांत आधीच जेमतेम, त्यातून दोन अंश वजा. शिवाय पाट्याचं पुढचं टोक ॲक्सलच्या वर गेलं, की गाडी कलताना बाहेरचं चाक थोडं मागं सरकतं आणि आतलं पुढं. म्हणजे मागचा ॲक्सल स्वतःच सुकाणू फिरवतो, आणि तेही चुकीच्या बाजूला. त्यात माझे पुढचे रेडियल धरून ठेवत होते आणि मागचे सोडून देत होते. काका म्हणाले होते तसाच, रिकामा ट्रक वळणावर नाचला.

रेडियल टायरमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे असतात आणि तळव्याखाली पोलादी पट्टा असतो. भिंत वाकली तरी तळवा जमिनीवर सपाट राहतो. फ्रान्सच्या मिशेलिननं त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. अमेरिकेत मात्र तो फार उशिरा पोचला, कारण तिथल्या कारखान्यांची सगळी यंत्रं जुन्या पद्धतीची होती. १९७० च्या लिंकन काँटिनेंटल मार्क तीनला तो कारखान्यातूनच बसवून आला. आणि सगळीकडं पसरला तो तेलटंचाईनंतर, कारण त्याला पेट्रोल कमी लागतं. मसल कारचं दुर्दैव असं, की तिला शोभणारा पाय तिची ताकद गेल्यावर मिळाला.

आता पुन्हा माझ्या खुर्चीशेजारच्या सहकाऱ्याकडं येतो. त्याच्याकडं १९६९ ची कॅमॅरो होती, ३५० घन इंची, पहिल्या पगारावर नवी घेतलेली. बरीच वर्षं ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. २०१६ साली त्यानं ती पुन्हा उभी करायला घेतली, कारण नातीला गाडी चालवायचा परवाना मिळाला होता आणि तिनं तीच गाडी मागितली होती. इंजिन त्यानं स्वतः बांधलं. टायर आणि स्प्रिंगा मी निवडाव्यात, असं ठरलं. मला वाटलं, दुपारचं काम आहे. त्यात आमचा सगळा उन्हाळा गेला.

गाडी मूळ स्थितीत आणायची, हे म्हणणं सोपं आहे. कुठली मूळ? कारखान्यातून आली तेव्हा तिला एफ७०-१४ टायर होते. तसेच तिरप्या विणीचे, त्याच अक्षरांचे टायर आजही नवे बनवून मिळतात, आणि कडक परीक्षकांच्या प्रदर्शनात तेच लागतात. रेडियल दिसला की गुण कापतात. पण त्यानं माझ्यापुढं एक फोटो ठेवला, १९७३ सालचा. गाडीला मागं एल६०-१५ चे पिंपासारखे टायर, लांब शॅकल, बूड आभाळात. शेजारी तो स्वतः, केस खांद्यापर्यंत. म्हणाला, माझी मूळ ही. कारखान्यातली गाडी माझ्याकडं एकच दिवस होती. तिकडे अशा गाड्यांना 'दुसऱ्या दिवसाची' म्हणतात, म्हणजे विकत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकानं जी केली ती. इतिहास म्हणून पाहिलं, तर त्याचं म्हणणं परीक्षकांपेक्षा खरं होतं. कारखान्याच्या उंचीवर रस्त्यात धावलेल्या गाड्या होत्या, पण लोकांच्या आठवणीत राहिलेल्या नव्हेत.

मी म्हटलं, गाडी नात चालवणार आहे. माझ्या मित्राच्या हाडाची गोष्ट सांगितली. तो दोन आठवडे बोलला नाही.

मग एका रविवारी आला आणि म्हणाला, मोज. आम्ही मोजायला बसलो. मागं कारखान्याच्याच कमानीचे नवे अनेक पट्ट्यांचे पाटे. चौदा इंची रिमांवर २१५/७० मापाचे रेडियल. एफ७०-१४ ची उंची साधारण तीच, त्यामुळे गाडी जुनीच दिसते आणि वेगाचा काटाही खोटं बोलत नाही. पुढच्या गोल स्प्रिंगा एका दुकानानं चुकून मोठ्या इंजिनाच्या पाठवल्या. ते इंजिन शंभर पौंडांहून जास्त जड, त्यामुळे आमची गाडी पुढून कोंबड्यासारखी उठली. काही जण अशा वेळी गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून बसवतात. तसं कधी करू नये. पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग बसतच जाते. योग्य स्प्रिंगा मागवल्या. त्या खालच्या दांडीच्या साधारण मध्यावर बसतात, म्हणून स्प्रिंगेत अर्धा इंच कमी केला तर चाकाशी गाडी इंचभर खाली येते. तेवढा एक इंच मी त्याला दिला. नाक किंचित खाली, बूड जागच्या जागी. पुढच्या चाकांचा कल मात्र रेडियलला मानवेल असा नव्यानं लावून घेतला. टाकी पूर्ण भरून, गाडी जमिनीवर चारी चाकांवर उभी असतानाच पाट्यांचे बोल्ट आवळले, आणि शंभर मैल चालवून पुन्हा फट मोजली.

त्यानं गुडघ्यावर बसून मागच्या फटीत हात घातला. चार बोटं आडवी बसली. फोटोतल्या गाडीत कोपरापर्यंत हात गेला असता. काही बोलला नाही.

त्या वर्षी वुडवर्डवर नात गाडी चालवत होती आणि तो शेजारी बसला होता. मी माझ्या खुर्चीवरून लांबूनच फट पाहिली आणि मालकाचं वय सोळा सांगितलं. ते आमच्यापाशी थांबले तेव्हा खुर्ची ठेवायला मी डिकी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. १९७३ च्या त्या लांब शॅकलच्या पट्ट्या, तेल लावून ठेवलेल्या, आणि त्यांच्याबरोबर बरोबर मापाचा पाना.